बुलेटची उलटी किक

प्रश्न : वडिलांची १९८९ची बुलेट ३५० आहे, पॉइंटवाली (उघडमिट करून ठिणगी पाडणारे संपर्क असलेली), १२ व्होल्टची. हल्ली किक उलटी मारत होती, चढावर इंजिन खडखडत होतं आणि थ्रॉटल सोडला तरी आवाज लवकर खाली बसत नव्हता. मेकॅनिकने टायमिंग मागे घेतलं, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल असं केलं. किक सुधारली, पण गाडी ओढेनाशी झाली. टायमिंग घरी तपासता येईल का?
– एक वाचक, कराड

उत्तर : येईल, पण टायमिंगला हात लावायच्या आधी ऑटो ॲडव्हान्स, म्हणजे वेगाप्रमाणे ठिणगीची वेळ बदलणारं युनिट, बघा. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही तक्रारी एकत्र आल्या की माझा संशय आधी तिथेच जातो. पॉइंटच्या प्लेटखाली दोन वजनं आणि दोन बारीक स्प्रिंगा असतात. वेग वाढला की वजनं फाकतात आणि ठिणगी लवकर पडते. वेग उतरला की स्प्रिंगा त्यांना परत ओढतात. ती गंजून फाकलेलीच अडकली, की किक मारतानाही ठिणगी फार आधी पडते. अशा गाडीचं टायमिंग मागे घेतलं तर किक सुधारते, पण वेगात ठिणगी उशिरा पडते. तुमची ओढ तिथेच गेली असावी.

पॉइंटचा कॅम (पॉइंट उघडणारा फिरता भाग) बोटांनी त्याच्या फिरण्याच्या दिशेने पिळा आणि सोडा. तो टचकन मागे आला पाहिजे. आळसावून आला तर युनिट रॉकेलने धुऊन वजनांच्या पिनांना तेलाचा एकेक थेंब द्या. स्प्रिंगा सैल असतील तर जोडीच बदला. जुनी कापून आखूड करणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

मग गॅप, म्हणजे पॉइंटमधली फट. पॉइंट पूर्ण उघडलेले असताना फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा. हे टायमिंगच्या आधीच करायचं, कारण गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे सरकतं.

आता गाडी मेन स्टँडवर घ्या, प्लग काढा, चौथा गिअर टाका आणि मागचं चाक पुढच्याच दिशेने हाताने फिरवा. टॅपेटचं झाकण उघडून दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला लावणाऱ्या दांड्या) बोटांनी मोकळे फिरतात ना ते पाहा, म्हणजे पिस्टन कॉम्प्रेशनवर (मिश्रण दाबत वर येताना) आहे हे कळतं. पिस्टन अगदी वर येण्याआधी ०.८ मिमीवर असताना पॉइंट उघडायला लागले पाहिजेत. प्लगच्या भोकातून चाकाचा आरा घालून मोजणार असाल तर सांभाळा: भोक तिरकं आहे, त्यामुळे आऱ्यावर दिसणारी हालचाल पिस्टनच्या खऱ्या हालचालीपेक्षा जास्त असते. आरा आत असताना चाक अगदी सावकाश फिरवा, नाहीतर तो अडकून वाकतो.

पॉइंट उघडल्याचा क्षण डोळ्यांनी पकडता येत नाही. बारा व्होल्टचा छोटा बल्ब पॉइंटची वायर आणि इंजिनची बॉडी यांच्यामध्ये जोडा आणि चावी लावा. पॉइंट उघडताच तो पेटेल. त्याच वेळी ॲमीटरचा (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरचा) काटाही मधोमध येतो. फरक असेल तर डिस्ट्रिब्युटर (पॉइंट ज्यात बसवलेले असतात तो भाग) किंचित ढिला करून कॅमच्या फिरण्याच्या उलट दिशेला वळवला की टायमिंग पुढे, त्याच दिशेला वळवला की मागे. अगदी केसभर वळवा, घट्ट करा, चाक पुन्हा फिरवून बल्ब बघा. चावी लावून पॉइंट मिटलेले फार वेळ ठेवू नका, कॉइल तापते.

शेवटी गाडी गरम करून ओळखीच्या चढावर न्या. वरच्या गिअरमध्ये खडखडली तर थोडं मागे घ्या. एवढं करूनही पॉइंटमध्ये मोठी निळी ठिणगी दिसत असेल, तर ती ठिणगी रोखणारा कंडेन्सर बदला.