पेट्री नक्की कोणते? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत पेट्री डिश असते, लंडनला पेट्री म्युझियम आहे आणि आयर्लंडमध्ये जॉर्ज पेट्री नावाचे जलरंग चित्रकार होऊन गेले. ही सगळी एकाच घराण्यातली माणसं का? (एक वाचक, सांगली)

नाही. हा घोळ मुख्यतः आपल्या लिपीमुळे होतो. देवनागरीत सगळेच 'पेट्री' दिसतात, पण रोमन लिपीत ही दोन वेगळी आडनावं आहेत. बशीवाले युलिउस रिशार्ड पेट्री (१८५२–१९२१) जर्मन होते आणि त्यांच्या आडनावाचं शेवटचं अक्षर 'आय' आहे. हे पेत्रुस या लॅटिन नावाचं षष्ठीचं रूप, म्हणजे 'पेत्रुसचा'. चित्रकार आणि म्युझियमवाले यांच्या आडनावाच्या शेवटी 'आय' आणि त्यानंतर 'ई' अशी दोन अक्षरं येतात. ते स्कॉटिश आडनाव आहे. पॅट्रिक किंवा पीटर या नावांच्या लाडक्या रूपावरून ते पडलं आणि अ‍ॅबर्डीन व ऑर्कनी बेटांकडे जास्त आढळतं.

खरं जवळचं नातं सापडतं ते एकाच ठिकाणी. म्युझियम ज्यांच्या नावाचं आहे ते इजिप्तविद्या अभ्यासक फ्लिंडर्स पेट्री (१८५३–१९४२) आणि भूमितीतल्या 'पेट्री बहुभुजा'चे जॉन फ्लिंडर्स पेट्री (१९०७–१९७२) हे बापलेक. मधलं 'फ्लिंडर्स' आलं फ्लिंडर्स पेट्रींच्या आईकडून. तिचे वडील मॅथ्यू फ्लिंडर्स यांनी जहाजाने ऑस्ट्रेलियाला प्रदक्षिणा घातली होती.

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना 'पेट्री नेट' भेटतं, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या क्रिया आकृतीत मांडायची पद्धत. त्याचे जनक कार्ल आडाम पेट्री (१९२६–२०१०). तेही जर्मन, 'आय'वाले.

प्रश्न: चित्रकार जॉर्ज पेट्री यांच्याबद्दल शोधलं तर कुठे गोल मनोरे येतात, कुठे लोकसंगीत, कुठे स्कॉटलंडमधलं उत्खनन. एकच माणूस इतकं सगळं कसं करेल? (एक वाचक, नाशिक)

मनोरे आणि संगीत एकाच माणसाचं, उत्खनन मात्र दुसऱ्याचं. एकाच काळात दोन जॉर्ज पेट्री होते आणि दोघेही पुराणवस्तूंचे अभ्यासक, म्हणून चांगल्या चांगल्या सूचींतही गल्लत होते. चित्रकार डब्लिनचे, १७९० ते १८६६. दुसरे ऑर्कनी बेटांवरच्या कर्कवॉल गावचे, १८१८ ते १८७५. मेसहाउ किंवा स्कारा ब्रे ही ऑर्कनीवरची प्राचीन ठिकाणं दिसली की ते कर्कवॉलचे समजा. क्लॉनमॅकनॉइस (आयर्लंडमधला जुना मठ), अरन बेटं, गोल मनोरे दिसले की डब्लिनचे.

डब्लिनचे पेट्री लघुचित्रकाराचे चिरंजीव. उमेदीच्या काळात त्यांनी प्रवासवर्णनांच्या पुस्तकांसाठी पडक्या मठांची, किल्ल्यांची दृश्यं काढली. चित्र काढायला दगडासमोर तासन्‌तास बसणारा माणूस तो दगड कसा रचलाय हे पाहू लागतोच. आयर्लंडमधल्या उंच गोल मनोऱ्यांबद्दल तेव्हा वाटेल ते तर्क चालत. कोणी ते फिनिशियन लोकांचे म्हणे, कोणी अग्निपूजकांचे, आणि ते बौद्धांनी बांधले असं सांगणारेही होते! रॉयल आयरिश अकादमीच्या निबंधस्पर्धेत १८३३ साली पेट्रींना सुवर्णपदक मिळालं. मनोरे ख्रिस्ती मठांचेच, घंटेसाठी आणि संकटात आसऱ्यासाठी बांधलेले, हे त्यांनी बांधकामाची पद्धत व जुनी हस्तलिखितं यांची सांगड घालून दाखवलं. दार जमिनीपासून बरंच वर का, याचंही उत्तर त्यातच आहे. आयरिश भाषेत या मनोऱ्याला जो शब्द आहे त्याचा अर्थच 'घंटाघर'. हे काम वाढवून १८४५ साली पुस्तकरूपाने आलं. दरम्यान आयर्लंडच्या भूमापन खात्यात स्थळवर्णनाच्या विभागाचे ते प्रमुख होते. लोकगीतांच्या चालींचा संग्रह १८५५ चा. पुढे 'लंडनडेरी एअर' म्हणून जगभर गेलेली चाल प्रथम त्यातच छापली गेली. ती जेन रॉस यांनी त्यांना पाठवली होती.

एकच चित्र बघायचं असेल तर 'क्लॉनमॅकनॉइस येथील यात्रेकरूंची अखेरची प्रदक्षिणा' हे बघा. मावळतीचा उजेड, मनोरा, थडग्यांचे दगड आणि त्यांतून फिरणारे भाविक. पंढरीची वाट पाहिलेल्या माणसाला ते वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. चित्र डब्लिनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आयर्लंडमध्ये आहे. पण जलरंगातली चित्रं कायम भिंतीवर नसतात, म्हणून जाण्याआधी गॅलरीला विचारून घ्या.

प्रश्न: जलरंगातली चित्रं झाकून का ठेवतात? आमच्याकडे आजोबांचं एक चित्र आहे, त्यातलं आभाळ गुलाबी झालंय. (एक वाचक, पुणे)

उजेडाने. तैलरंगात रंगकण तेलात बुडालेले असतात. जलरंगात डिंकाचा अगदी पातळ थर आणि खाली कागद, एवढंच. त्या काळी ढगांचा करडा रंग अनेकदा नीळ आणि तांबडा गेरू मिसळून करत. नीळ वनस्पतीपासूनची, ती उजेडात उडते. गेरू म्हणजे लोहाचं खनिज, ते तसंच राहतं. मग करडे ढग गुलाबी दिसू लागतात. तुमच्या चित्रातही बहुधा हेच झालंय. खात्री करायची तर चौकटीच्या पुठ्ठ्याखाली झाकलेली कड बघा. तिथे मूळ करडा रंग टिकलेला असेल तर दोष उजेडाचाच. उडालेला रंग परत येत नाही. वरून रंग लावू नका. म्युझियममध्ये अशा चित्रांवर साधारण ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) एवढाच उजेड ठेवतात आणि काही महिन्यांनी चित्र उतरवतात. घरी खिडकीसमोरची भिंत टाळा, आणि मागचा पुठ्ठा आम्लमुक्त घ्या, नाहीतर कागद तपकिरी पडतो. काच चित्राला टेकू देऊ नका. पावसाळ्यात तिथेच बुरशी धरते.

प्रश्न: पेट्री बहुभुज म्हणजे काय, हे वर्गात दाखवता येईल का? (एक शिक्षिका, रत्नागिरी)

येईल. लांबी-रुंदी-उंची सारखी असलेलं खोकं, दोरा आणि चिकटपट्टी एवढंच लागतं. कोणत्याही कोपऱ्यापासून दोरा कडेवरून न्या. पुढच्या कोपऱ्यावर डावीकडची कड धरा, त्यापुढच्यावर उजवीकडची, मग पुन्हा डावीकडची. सहा कडा झाल्या की दोरा सुरुवातीला परत येतो. नियम असा: लागोपाठच्या दोन कडा एकाच पृष्ठाच्या असतात, तीन कधीच नसतात. मुलांची चूक हमखास एकच होते. दोनदा एकाच बाजूला वळतात, तिसरी कड त्याच पृष्ठावर येते आणि चार कडांचा साधा चौरस होतो.

दोरा बरोबर बसला तर आठांपैकी दोन समोरासमोरचे कोपरे मोकळे राहतील. त्यातला एक डोळ्यांसमोर धरून दुसऱ्याच्या दिशेने बघा: नागमोडी दोरा नियमित षटकोन दिसतो. काड्यापेटी वापरू नका, तिच्यात षटकोन ओढल्यासारखा वाकडा येतो. चतुष्फलकावर हाच दोरा ४ कडांत मिटतो, अष्टफलकावर ६, द्वादशफलक आणि विंशतिफलक दोन्हींवर १०.

प्रश्न: पेट्री डिशमध्ये आगार (जंतू वाढवायला वापरतात ती समुद्री शेवाळाची जेली) ओतल्यावर झाकणाला पाणी सुटतं आणि जंतूंच्या सगळ्या वसाहती एकमेकींत मिसळतात. काय चुकतंय? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

आगार फार गरम असताना ओतताय. लिटरला १५ ग्रॅम आगार, १२१ अंशांवर १५ मिनिटं निर्जंतुक करा, मग ५० अंशांच्या आसपास येऊ द्या. बाटली हातात धरवेल इतपत. ४० च्या खाली गेलं तर गाठी होतात. ९० मिलिमीटरच्या बशीला १५ ते २० मिलिलिटर पुरतं. घट्ट झालं की बश्या उलट्या, झाकण खाली करून ठेवा. उबवणीपेटीतही उलट्याच. म्हणजे वाफेचा थेंब आगारवर पडत नाही.

१८८७ च्या आधी आगार किंवा जिलेटिन सपाट काचेवर पसरून वर काचेची घंटा ठेवत. काच समतल नसली की सगळं एका बाजूला वाहायचं, आणि बघायला घंटा उचलली की हवेतले जंतू आत. पेट्रींनी केलं एवढंच, की एक बशी आणि तिच्यावर थोडी मोठी दुसरी बशी झाकण म्हणून घेतली.

प्रश्न: या आडनावाचं कोणी भारतात होतं का? (एक वाचक, चेन्नई)

दोघं तरी नक्की. विल्यम पेट्री हे ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी, त्यांनी १७८६ साली तुमच्याच एग्मोरला खासगी वेधशाळा उभारली. तिची उपकरणं कंपनीकडे आली आणि १७९२ मध्ये नुंगमबाक्कमला मद्रास वेधशाळेची इमारत झाली. कोडाईकॅनालची वेधशाळा हा त्याच परंपरेचा पुढचा टप्पा. १८०७ च्या अखेरीस काही महिने ते मद्रासचे हंगामी गव्हर्नरही होते. दुसरे सर डेव्हिड पेट्री (१८७९–१९६१), १९२४ ते १९३१ इंटेलिजन्स ब्यूरोचे प्रमुख, पुढे १९४१ पासून ब्रिटनच्या एमआय-५ या गुप्तचर संस्थेचे. जुन्या कागदांत नुसतं 'पेट्री' आलं तर साल बघा. या दोघांत सव्वाशे वर्षांचं अंतर आहे.