वाचकांचे प्रश्न : टेस्टिंगच्या तासाला नोट्स का देत नाहीत?

प्रश्न : माझी मुलगी इथेच बडोद्यात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी स्वतः २००१ ला पास झाले, तेव्हा टेस्टिंग, म्हणजे सॉफ्टवेअर नीट चालतं का ते तपासणं, हे सॉफ्टवेअर इंजिनीअरिंगमधलं एक युनिट असायचं, व्याख्या, व्हाइट बॉक्स (आतला कोड बघून तपासणं) आणि ब्लॅक बॉक्स (कोड न बघता तपासणं) यांतला फरक, व्ही मॉडेलची (प्रोग्राम बनवायच्या प्रत्येक टप्प्यासमोर त्याची तपासणी दाखवणारी) आकृती, झालं. ती वही मी जपून ठेवलेली, तिला दिली, तर म्हणते आई याचा काही उपयोग नाही. त्यांच्या मॅडम नोट्स देतच नाहीत, मुद्दाम बिघडवलेले प्रोग्राम देतात आणि चुका शोधून आणा म्हणतात. हे शिकवणं आहे का? परीक्षेत काय लिहिणार ही? – एक आई, दांडिया बाजार

उत्तर : ताई, तुमची काळजी मला अगदी कळते, कारण तुमच्या वहीत जे आहे तेच मीही कितीतरी वर्षं मुलांना लिहून दिलंय. मी शिकवायला लागले तेव्हा कॉलेजात आधीच्या सरांची एक फाइल मिळाली होती, त्यातले प्रश्न वर्षानुवर्षं फिरून फिरून यायचे आणि मुलं फरकाचे तक्ते घडाघडा लिहायची. मग एकदा मी त्याच मुलांना तीस ओळींचा प्रोग्राम दिला आणि म्हटलं याला टेस्ट लिहा, म्हणजे कुठलं इनपुट दिलं की काय उत्तर यायला हवं ते लिहा, तर सगळा वर्ग गप्प. चांगले मार्क मिळवणारी मुलं होती ती. त्या दिवसाचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून मी रेल्वेच्या तिकिटाचं उदाहरण घेऊन शिकवते, कारण बडोद्याच्या मराठी घरात दिवाळीला नाहीतर मे महिन्यात मुंबई-पुण्याचं तिकीट काढलं नाही असं होत नाही. तेव्हाचा नियम असा होता : पाचच्या आतलं मूल फुकट, पाच ते बाराच्या आत अर्धं तिकीट, आणि साठ व त्यापुढच्या ज्येष्ठ नागरिकांना सवलत. मग टेस्ट कुठल्या वयाची घ्यायची? तीस वर्षांच्या माणसाचं तिकीट दहा वेळा काढून काही सापडत नाही, चूक बसलेली असते ती चार, पाच, अकरा, बारा, एकोणसाठ, साठ इथे, म्हणजे नियम जिथे वळतो तिथे. याला बाउंड्री व्हॅल्यू म्हणतात, तुमच्या वहीतही ही व्याख्या असेल बघा.

पण खरी गंमत पुढे आहे. हा नियमच बदलत गेला. २०११ च्या रेल्वे बजेटमधे बायकांची सवलतीची वयोमर्यादा ६० वरून ५८ केली, पुरुषांची ६० च राहिली आणि त्यांची सवलत ३० टक्क्यांवरून ४० टक्के झाली. म्हणजे माझ्या टेस्टच्या तक्त्यातल्या आज्जींच्या टेस्ट एका दिवसात खोट्या पडल्या. मग एप्रिल २०१६ पासून पाच ते बाराच्या मुलाला वेगळी बर्थ हवी तर पूर्ण भाडं लागू झालं, बर्थ नको तर अर्धं. म्हणजे आता नुसतं वय पुरेना, वय आणि बर्थ दोन्ही मिळून उत्तर ठरतं, आणि मला बाउंड्रीच्या जोडीला डिसिजन टेबल, म्हणजे कुठल्या अटी जुळल्या की काय उत्तर याचा तक्ता, त्याच उदाहरणात शिकवता आलं. आणि मार्च २०२० मधे कोरोनात ज्येष्ठांची सवलतच बंद झाली. त्या वर्षी ऑनलाइन वर्गात मुलांनी विचारलं की मॅडम आता ५८ आणि ६० च्या टेस्ट काढून टाकायच्या का? मी म्हटलं नाही, ठेवायच्या, फक्त अपेक्षित उत्तर बदलून पूर्ण भाडं लिहायचं, कारण जुना सवलतीचा कोड कुठल्यातरी कोपऱ्यात राहिलेला असला तर तो याच टेस्ट पकडतील. यावर अर्धा तास भांडण झालं वर्गात, आणि माझ्या मते त्या सेमिस्टरमधला सगळ्यात चांगला तास तोच.

तुम्ही म्हणता तसं वर्गात प्रोग्राममधल्या चुका शोधायला लावणं, त्याला तर मोठी परंपरा आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात बार्टन मिलर नावाचे प्राध्यापक आहेत, १९८८ मधे एका वादळी रात्री ते घरून फोनच्या लाइनवर विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवर काम करत होते, लाइनमधे खरखर येऊन भलतीच अक्षरं घुसत होती आणि त्यामुळे युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचे रोज वापरातले प्रोग्राम धडाधड बंद पडत होते. त्यांनी काय केलं तर तेच आपल्या विद्यार्थ्यांना प्रोजेक्ट म्हणून दिलं, वाट्टेल ती अक्षरं प्रोग्रामला खायला घाला आणि कोण पडतो बघा. जवळपास पाव ते एक तृतीयांश प्रोग्राम पडले. १९९० मधे त्यावर पेपर आला आणि आज ज्याला फझिंग म्हणतात, मोठमोठ्या कंपन्या ज्यावर विसंबतात, ते तिथून सुरू झालं. वर्गातल्या एका प्रोजेक्टमधून. तेव्हा मुलगी संध्याकाळी मोडका प्रोग्राम घेऊन बसली असेल तर तिला बसू द्या.

आणि वही फेकू नका. तिच्यासोबत एकदा बसा, एकेक व्याख्या घ्या आणि तिला विचारा की याचं उदाहरण तुमच्या कुठल्या असाइनमेंटमधे आलं, परीक्षेची तयारी त्यातच होऊन जाईल.

प्रश्न : मी यंदाच प्राध्यापक झालोय आणि मला हाच विषय दिलाय. जुन्या सिलॅबसमधे टेस्ट आपोआप चालवणारं विनरनर हे टूल होतं, ते आता कुणी वापरत नाही. नंतर सेलेनियम, आता मुलं प्लेराइट म्हणतात. मी शिकवेपर्यंत तेही जुनं होणार. कुठलं टूल घेऊ? – एक वाचक, मांजलपूर

उत्तर : कुठलंही एक घ्या आणि दोनच आठवडे द्या त्याला. सेलेनियम २००४ चं, प्लेराइट २०२० चं, दोन्ही फुकट आहेत, लॅबमधल्या जुन्या मशीनवर जे नीट चालेल ते चांगलं. सुरुवात मात्र जेयुनिटसारख्या, म्हणजे जावा प्रोग्रामला छोट्या टेस्ट लिहायच्या, साध्या गोष्टीने करा. केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ मधे झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात बसून ते लिहायला घेतलं होतं, इतकी छोटी आहे ती मूळ कल्पना, आणि मुलांना ती एका तासात कळते.

त्यापेक्षा मला तुम्हाला सांगायचंय ते मार्कांबद्दल. मुलांनी टेस्ट लिहिल्या तर त्या चांगल्या की वाईट हे कसं ठरवणार? मी आधी टेस्टची संख्या मोजायची, मग मुलं एकच टेस्ट पन्नास वेळा नाव बदलून लिहायला लागली. मग मी कव्हरेज बघायला लागले, म्हणजे कोडच्या किती ओळी टेस्टने चालवल्या, तर एका मुलीने शंभर टक्के कव्हरेज आणलं आणि एकाही टेस्टमधे उत्तर तपासलेलंच नव्हतं, नुसता प्रोग्राम चालवून सोडून दिलेला. चूक तिची नव्हती, मी जे मोजत होते ते तिने दिलं.

आता मी असं करते. बरोबर चालणाऱ्या तिकिटाच्या प्रोग्रामच्या वीसेक प्रती काढते आणि प्रत्येकीत एकच बारीक बिघाड करते, 'साठ किंवा जास्त' च्या जागी 'साठपेक्षा जास्त', कुठे 'आणि' च्या जागी 'किंवा'. मुलांच्या टेस्ट या सगळ्या प्रतींवर चालवायच्या, जितके बिघाड पकडले तितके मार्क, आणि बरोबर प्रतीवर टेस्ट उगाच ओरडली तर मार्क कापायचे. याला म्युटेशन टेस्टिंग म्हणतात, डिमिलो, लिप्टन आणि सेवर्ड यांचा १९७८ चा पेपर आहे यावर, म्हणजे नवीन काहीच नाही, तेव्हा मशीन हळू होती म्हणून वर्गात परवडत नव्हतं एवढंच. पहिल्या वर्षी हाताने प्रती बनवायला तुमचा एक रविवार जाईल. जाऊ द्या.

प्रश्न : मॅडम, कोड चिकटवला की एआय दोन मिनिटांत चाळीस टेस्ट लिहून देतो आणि सगळ्या पास होतात. मग आम्ही हा विषय का शिकायचा? – एक विद्यार्थी, रावपुरा

उत्तर : सगळ्या पास होतात, बाळा, तिथेच तर अडतं.

गेल्या सेमिस्टरला मी मुलांना तिकिटाचा प्रोग्राम दिला, सांगितलं की नियम २०१९ चे धरा, नियमांचा कागदही दिला, आणि कोडमधे बायकांची मर्यादा मुद्दाम ६० ठेवली, म्हणजे २०११ च्या आधीची. एआय वापरायची पूर्ण परवानगी होती. बहुतेकांनी फक्त कोड चिकटवला, कागद नाही. एआयने छान नीटनेटक्या टेस्ट दिल्या, ५९ वर्षांच्या बाईला पूर्ण भाडं, ६० च्या बाईला सवलत, सगळं हिरवंगार, म्हणजे पास. कारण उत्तर काय यायला हवं हे त्याने कोडलाच विचारलं, आणि कोडच चुकलेला होता. ज्याची चौकशी करायची त्यालाच साक्षीदार केलं की दुसरं काय होणार.

ज्या दोन-तीन मुलांनी कागद आधी वाचला त्यांनी ५८ ची टेस्ट हाताने लिहिली, ती लाल, म्हणजे नापास झाली, आणि मग त्यांनी मला येऊन विचारलं की मॅडम कोड चुकलाय की आमचा कागद? हा प्रश्न विचारता येणं म्हणजे हा विषय. बरोबर उत्तर कुठून आणायचं याला आमच्यात ऑरेकल म्हणतात आणि १९८२ मधे इलेन वेयुकर यांनी त्यावर लिहिलं होतं की काही प्रोग्राम तर असे असतात ज्यांचं बरोबर उत्तर आपल्याला आधी माहीतच नसतं. तिकिटाचं निदान कागदावर आहे. हवामानाचा अंदाज देणाऱ्या प्रोग्रामचं काय? तिथे मग आडून तपासावं लागतं, इनपुट थोडं बदललं तर उत्तर कुठल्या दिशेला हलायला हवं एवढं तरी बघायचं.

एआय वापर, मीही वापरते, कंटाळवाणा भाग तो झटपट करतो. फक्त क्रम बदल. आधी कोड बंद ठेव, नियम वाच, कागदावर दहा टेस्ट आणि त्यांची उत्तरं स्वतः लिही. मग एआयकडून चाळीस घे आणि ताडून बघ, तुझ्या दहातली कुठली त्याच्याकडे नाही आणि त्याची कुठली तुला सुचली नव्हती. जिथे दोघांचं उत्तर जुळत नाही तिथे पेन्सिलने खूण कर आणि तो कागद घेऊन तुझ्या मॅडमना भेट.