इंजिनाचा पिवळा दिवा लागलाय, पण पीयूसी ताजी आहे. गाडी चालवत राहू का?

पीयूसीचं आधी डोक्यातून काढा. तिथं त्या दोन मिनिटांत जो धूर येतो तेवढाच मोजतात. दिवा लावतो गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, आणि तो गाडी चालू आहे तोवर सेन्सर वाचत बसलेला असतो. माझा दिवा लागला तेव्हा पीयूसीचे सहा महिने बाकी होते.

माझी गाडी डिझेल, बीएस-६ म्हणजे धुराच्या नव्या नियमातली. डिझेल का, तर दाजींनी सांगितलं म्हणून. "पेट्रोल घेऊन काय पंपवाल्याला पोसतोयस?" बायको पेट्रोल म्हणत होती, पण दाजींपुढं तिचं कोण ऐकतंय! आणि माझं रोजचं रनिंग किती? कोल्हापुरातच, राजारामपुरी ते लक्ष्मीपुरी, घर ते दुकान. इंजिन तापायच्या आत गाडी लावून मोकळा.

एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांना डीपीएफ असतो, म्हणजे सायलेन्सरच्या लाइनीत काजळी अडवणारा फिल्टर. तो भरत आला की गाडी स्वतःच जादा डिझेल मारून आत सहाशे अंशांच्या आसपास तापवते आणि काजळी जाळून टाकते. त्यासाठी गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्यापैकी वेगात पळावी लागते. लक्ष्मीपुरीत कुठली पळतीय?

घरी येऊन गाडी बंद केली तरी पंखा घोंघावत राहायचा आणि जळका वास यायचा. म्हणजे ती काजळी जाळत असायची आणि मी मध्येच चावी फिरवायचो. दाजींचं निदान : "फॅनचा रिले गेलाय." रिले बदलला. पंखा फिरायचा तो फिरतच राहिला. मग डॅशबोर्डवर ठिपके असलेल्या डब्याचं चित्र पेटलं, म्हणजे डीपीएफचा दिवा. ते "सेन्सरचं काहीतरी असतंय" म्हणून तीन आठवडे तसंच.

एका रविवारी सगळे जोतिबाला निघालो. केर्ली मागं पडली, चढ लागला आणि इंजिनाचा दिवा आला. गाडीचा जीवच गेला. ॲक्सिलरेटर तळाला दाबलाय आणि काटा वीसच्या वर जाईना. मागं आई, बहीण, भाचरं, शेजारून टेम्पोवाले हॉर्न मारत पुढं. पुढच्या सीटवर दाजी : "क्लचवर पाय ठेवून चालवतोस, त्यानं हुतंय." भाचरांसमोर! मी गप्प.

सर्व्हिस सेंटरवाल्यानं थेट नवा फिल्टर सांगितला. आकडा ऐकून मी खुर्चीत बसलो. मग उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीकडं गेलो. त्यानं ईसीयूतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला. कोड आला पी २४६३ : फिल्टरमध्ये काजळी साचली. पण त्याच्याही आधी त्यानं विचारलं, "रोज किती चालती गाडी?" गाडी घेताना हे मला शोरूममध्ये कुणी विचारलं नव्हतं, आणि दाजींनी तर नाहीच.

त्यानं स्कॅनरवरून जबरदस्तीनं काजळी जाळायला लावली, अर्धा तास शेडमध्ये उभं राहवेना इतकी धग. ऑइलची डिपस्टिक दाखवली : पातळी खुणेच्या वर. अर्धवट राहिलेल्या जाळण्यातलं डिझेल ऑइलमध्ये उतरत होतं. ऑइल बदललं, फिल्टर वाचला. आता दर रविवारी हायवेनं कागलला जाऊन येतो, चौथ्या गिअरवर, दोन हजार आरपीएमच्या वर ठेवून. "फिल्टर पोकळ करून देतो" म्हणणारेही भेटले. त्यांच्या नादाला लागू नका. ते बेकायदा आहे, आणि ती काजळी आपल्याच गल्लीतल्या पोरांच्या नाकात जाते.

तुमची गाडी पेट्रोल की डिझेल, ते तुम्ही लिहिलंच नाही. पेट्रोल असेल तर वरचं बहुतेक सोडून द्या, तिथं प्लग, कॉइल, ऑक्सिजन सेन्सर अशा भानगडी असतात. दिवा नुसता पेटलाय आणि गाडी नेहमीसारखी ओढतीय, तर शांतपणे स्कॅनरवाल्याकडं न्या. लुकलुकत असेल तर बाजूला घेऊन बंद करा : मिसफायर होऊन, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटता, ते कच्चंच कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या डब्यात) जातं आणि तो जळतो. लाल दिवा असेल तर जागेवरच थांबा. आणि दिवा घालवायला बॅटरीची वायर काढू नका, कोडही पुसला जातो आणि मिस्त्री चाचपडत बसतो.

दाजींनी गेल्या दिवाळीत गाडी बदलली. पेट्रोल घेतली. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "आवाज कमी येतोय."