मैत्रिणीचा चेहरा लाल का झाला, तिथून सुरुवात कर

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. शहाद्याजवळचं गाव, घरची ४ एकर शेती, बी.एस्सी. केमिस्ट्रीचं दुसरं वर्ष. कोरफडीचा गर आणि गवती चहाचं तेल घालून तू हॉस्टेलवर क्रीम बनवतेस, मुली ते विकत घेतात. आता कॉलेज सोडून ‘१०० टक्के नैसर्गिक, साइड इफेक्ट नाही’ असा स्वतःचा ब्रँड काढायचा आहे आणि घरचे बी.एड.चा आग्रह धरून बसलेत. हे सगळं दोन पानं लिहून झाल्यावर शेवटी तू एक ओळ घातली आहेस: क्रीम लावल्यावर एका मैत्रिणीचा चेहरा लाल झाला, दोन दिवस आग होत होती, ‘तिची स्किनच सेन्सिटिव्ह असेल.’ माझं उत्तर त्या ओळीला आहे.

५० ग्रॅम क्रीमला २५ थेंब, असं तू लिहितेस. म्हणजे साधारण १ मिलिलिटर, जवळपास २ टक्के. चेहऱ्यावर रात्रभर राहणाऱ्या क्रीममध्ये सुगंधी तेलांचं प्रमाण सहसा अर्धा ते एक टक्का ठेवतात. गवती चहाच्या बाबतीत तर हात आणखी आखडता घ्यावा लागतो, कारण त्या तेलात ७०-८० टक्के सिट्रल, म्हणजे लिंबासारखा वास देणारा घटक असतो आणि सिट्रलची ॲलर्जी येणारी माणसं बरीच आहेत. त्यात तुझी बाटली सहा महिने खिडकीत उघड-बंद होत राहिली. हवा आणि उजेड लागून तेलातले घटक ऑक्सिडाइझ होतात आणि जुनं तेल ताज्यापेक्षा जास्त चावतं. शिवाय कोरफडीचा गर म्हणजे बहुतेक पाणीच. प्रिझर्व्हेटिव्ह नसेल तर त्यात जंतू आणि बुरशी वाढायला थोडे दिवस पुरतात, आणि वरून क्रीम छान दिसत राहतं. तेव्हा दोष मैत्रिणीच्या त्वचेवर टाकू नकोस. तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन जा, पॅच टेस्ट (त्वचेच्या छोट्या भागावर लावून ॲलर्जी तपासणं) करता येते का विचार आणि उरलेल्या डब्या आजच परत घे.

हे वाचून खट्टू होऊ नकोस. ती ओळ तू लपवली असतीस तर मी तुला या क्षेत्रात येऊच नकोस म्हटलं असतं. तू लिहिलीस, म्हणून पुढचं लिहिते आहे.

‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हे वाक्य केमिस्ट्रीच्या विद्यार्थिनीनं तरी बोलू नये. आजी कडुनिंबाचा पाला खोबरेल तेलात उकळून लावते ते वेगळं. सुगंधी तेल म्हणजे वाफेवर काढलेला अर्क. १०० किलो ओल्या गवती चहातून जेमतेम अर्धा किलो तेल निघतं. एवढं एकवटलेलं रसायन हातात घेताना मोजमाप आलंच.

आणि अस्सल-नकलीची ओळख आली. याचं उदाहरण तुझ्याच भागात आहे. खानदेशच्या डोंगरांतलं रोशा गवत तुझ्या वडिलांना नक्की माहीत असेल. त्याचं तेल एकेकाळी मुंबईमार्गे पार तुर्कस्तानपर्यंत जायचं. तिथे ते ‘टर्किश जिरेनियम’ नावानं ओळखलं जाई आणि महागड्या गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई, कारण गुलाबासारखा वास देणारा जिरॅनिऑल हा घटक दोन्हींत आहे. या गवताचे दोन प्रकार, मोतिया आणि सोफिया. शेतात उभे असताना दोन्ही जवळपास सारखेच दिसतात, पण चांगलं, जिरॅनिऑलनं भरलेलं तेल मोतियाचं. गुलाबात रोशा मिसळलाय का, मोतियाच्या नावाखाली सोफिया आलाय का, हे मुरलेलं नाक बरंचसं सांगतं आणि गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून मोजणारी चाचणी, पुराव्यानिशी सांगते. तू ऑनलाइन मागवलेल्या बाटलीवर ‘प्युअर’ छापलंय. आत काय आहे, हे आज तुला सांगता येत नाही. ज्या दिवशी येईल, त्या दिवसापासून तू या धंद्यातली.

म्हणून डिग्री सोडायची नाही. शेवटच्या वर्षात ॲनालिटिकल केमिस्ट्री मन लावून कर, मग एम.एस्सी. तुझ्या जळगावच्या विद्यापीठातही ते होईल. उन्हाळ्याच्या सुट्टीत कनौजला जा. तिथे सुगंध आणि सुरस विकास केंद्र आहे, केंद्र सरकारनं १९९१ मध्ये काढलेलं, आणि ऊर्ध्वपातनापासून सुगंधी पदार्थांपर्यंतची छोटी प्रशिक्षणं तिथे होतात. तांब्याच्या डेगा (उकळायची मोठी भांडी) आणि भपके (वाफ गोळा करायची भांडी) लावून अत्तर काढणारी घरं त्याच गावात आहेत. एकदा तो वास अंगावर घेऊन ये. लखनौची सीमॅप ही औषधी आणि सुगंधी वनस्पतींवरची सरकारी संशोधन संस्था. तिची प्रशिक्षणंही बघ. त्यानंतर दोन-तीन वर्षं एखाद्या सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला किंवा फॉर्म्युलेशनला नोकरी. पगार सुरुवातीला फार नसेल, पण क्रीम ४० अंश तापमानात तीन महिने ठेवून फाटतं का, हे दुसऱ्याच्या खर्चानं शिकायला मिळेल.

धंद्याचा कायदाही आत्ताच कानावर असू दे. विकण्यासाठी सौंदर्यप्रसाधन बनवायचं तर २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. हॉस्टेलची खोली त्यात बसत नाही. स्वतःचा कारखाना परवडत नसेल तर परवानाधारक कारखान्यात आपला माल बनवून घेण्यासाठी लोन लायसन्स मिळतं आणि बहुतेक लहान ब्रँडना तोच रस्ता झेपतो. लेबलवर ‘त्वचा मऊ राहते’ म्हणालीस तर ते प्रसाधन. ‘एक्झिमा बरा होतो’ म्हणालीस की ते औषध झालं, त्याचा परवाना वेगळा. कोडासारखे काही आजार बरे करण्याची जाहिरात तर १९५४ च्या कायद्यानं बंदच आहे. आणि माझी एक विनंती: गोरं करणारं क्रीम काढू नकोस. तुझ्या वर्गातल्या सावळ्या मुलींना त्याची गरज नाही.

वडिलांनी जिरेनियमची रोपं घ्यायचा विचार चालवलाय म्हणतेस. त्यांना माझा नमस्कार सांग आणि हेही सांग, की रोपं विकणारा आणि तेल विकत घ्यायची हमी देणारा एकच माणूस असेल तर सही करण्याआधी त्याला आधी माल दिलेल्या दोन शेतकऱ्यांच्या बांधावर जाऊन यावं. पाला कापल्यावर जवळ डिस्टिलेशन युनिट नसेल तर पीक कितीही चांगलं आलं तरी तेल हाती लागत नाही. चार गुंठ्यांत रोशा किंवा गवती चहा लावून बघायला हरकत नाही. तुला अभ्यासालाही उपयोगी पडेल.

बी.एड.ला मी नाव ठेवणार नाही. पण ते एम.एस्सी.नंतरही करता येतं, हे आईला शांतपणे सांगून बघ. घरच्यांना काळजी तुझ्या पोटापाण्याची आहे. ‘ब्रँड काढते’ याऐवजी ‘आधी नोकरी, मग धंदा’ असं मांडलंस तर बोलणं पुढे सरकेल.

आजपासून एक वही घाल. तेल कुठून आणलं, बॅच नंबर, किती ग्रॅम, कुठली तारीख, कोणाच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहिलं, चोवीस तासांनी काय दिसलं. थेंब मोजू नकोस, ०.०१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घे. पहिल्या पानावर त्या मैत्रिणीची नोंद कर आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव.

तुझी,
मॅडम