अ‍ॅपवर ‘दोघांसाठी ८०० रुपये’ लिहिलं होतं, बिल १,३५० आलं. टॅक्समुळे एवढा फरक पडतो का? हा आकडा नक्की ठरवतं कोण?

टॅक्समुळे नाही. साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के असतो, म्हणजे ८०० वर ४० रुपये. त्यात १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला आणि त्यावरही जीएसटी घेतला, तरी बेरीज ९२४ वर थांबते. दारू घेतली असेल किंवा मोठ्या तारांकित हॉटेलात बसला असाल तर कराचं गणित वेगळं, पण ८०० वाल्या जागेला तो प्रश्न सहसा येत नाही. तेव्हा उरलेल्या सव्वाचारशे रुपयांसाठी मूळ ८०० कसे धरलेत ते बघायला हवं.

झोमॅटोने हे सूत्र बरीच वर्षं हॉटेलच्या पानावर बारीक अक्षरात दिलं होतं: मधल्या दराची दोन स्टार्टर, दोन मेन कोर्स, दोन पेयं, एक डेझर्ट. कर वेगळे. आता हे आपल्या जेवणाशी लावून बघा. यात रोटी कुठे आहे? पंजाबी भाजी घेतली की चार बटर रोट्या, जीरा राइस, मसाला पापड आणि पाण्याची बाटली आलीच, आणि या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींचे मिळून एका भाजीएवढे पैसे आरामात होतात. (बाटली छापील किमतीपेक्षा महाग विकायला सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्येच हॉटेलांना मोकळीक दिली आहे, तेव्हा तिथे वाद घालू नका.) दुसरीकडे, दोघंच गेलो तर आपण स्टार्टर एकच मागवतो आणि डेझर्टऐवजी बाहेर येऊन पान खातो. म्हणजे हा आकडा कधी कमी पडतो, कधी उगाच फुगतो.

काही ठिकाणी तर हे सूत्र लागूच होत नाही. अमर्यादित थाळीचा दर माणशी ठरलेला असतो, दुप्पट करा, झालं. मिसळीच्या दुकानात स्टार्टर-डेझर्ट कुठून आणणार? आणि मालवणी किंवा गोव्याच्या मासळीच्या हॉटेलात मेन्यूवर पापलेटसमोर ‘एपीएस’ लिहिलेलं असतं, म्हणजे दर माशाच्या आकारावर. त्याच टेबलावर एकाने बांगडा थाळी घेतली आणि दुसऱ्याने भरलेलं पापलेट, तर ‘दोघांसाठी’ म्हणून एकच आकडा कुणी कसा द्यावा!

झोमॅटोची सुरुवात २००८ मध्ये दिल्लीत ‘फूडीबे’ नावाने झाली, तीच हॉटेलांची मेन्यूकार्डं स्कॅन करून टाकण्यापासून. त्यामुळे त्यांचा आकडा मेन्यूवरून काढलेला अंदाज आहे, लोकांच्या बिलांची सरासरी नाही. मेन्यूचे दर वाढले आणि तो आकडा कुणी सुधारला नाही, तर जुनाच दिसत राहतो.

गूगल मॅप्सची पद्धत उलटी. तिथे जेवून आलेल्यांना माणशी किती खर्च झाला ते विचारतात आणि ‘माणशी २०० ते ४००’ असा पट्टा, किती जणांनी सांगितलं त्यासकट, दाखवतात. मला हे जास्त पटतं. फक्त चहा प्यायलेला आणि भरपेट जेवलेला दोघंही त्यात असतात हे खरं, पण निदान कुणाच्या तरी खिशातून पैसे गेलेले असतात. जपानची हॉटेलांची माहिती देणारी ताबेलोग ही वेबसाइट तर दुपारचं आणि रात्रीचं बजेट वेगवेगळं दाखवते. आपल्याकडे दुपारी एक्झिक्युटिव्ह लंच लावणाऱ्या हॉटेलांसाठी हे कुणीतरी करायला हवं.

एक मात्र करू नका: एका अ‍ॅपचा आकडा दुसऱ्या अ‍ॅपच्या आकड्याशी ताडून बघणं. एक दोघांचा, दुसरा माणशी, आणि आत काय धरलंय तेही वेगळं. एकाच अ‍ॅपवरची दोन हॉटेलं महाग-स्वस्त ठरवायला मात्र तो उपयोगी पडतो.

ऑफिसच्या पार्ट्यांची जागा ठरवणं माझ्या गळ्यात असतं, म्हणून माझी रीत सांगतो. आकडा सोडून द्यायचा आणि ग्राहकांनी टाकलेले मेन्यूचे ताजे फोटो उघडायचे. शाकाहारी हॉटेल असेल तर पनीर बटर मसाला आणि बटर रोटी, मासळीचं असेल तर सुरमई थाळी, एवढेच दर बघायचे. तेवढ्यावरून बाकी मेन्यूचा अंदाज येतो. घरपोच ऑर्डरचा मेन्यू बघून बजेट काढू नका. बऱ्याच हॉटेलांचे तिथले दर टेबलावरच्या दरापेक्षा जास्त असतात. ‘५० टक्क्यांपर्यंत सूट’ मधलं ‘पर्यंत’ही वाचा.

आणि तुमचं ते बिल परत काढून बघा. त्यात सर्व्हिस चार्ज असेल तर तो सक्तीचा नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसे निर्देश काढले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. पुढच्या वेळी पैसे देण्याआधी काउंटरवर तो काढायला सांगा.