दापोलीजवळ घर बांधतोय. छपराला डांबरी शिंगल्स घालू की पत्रा?

तुमचा पेच असा दिसतोय: जांभ्याच्या भिंती उभ्या राहिल्यात, आर्किटेक्ट शिंगल्सच (एकावर एक चढवत बसवायचे डांबरी तुकडे) हवेत म्हणतोय, गावातला फॅब्रिकेटर रंगीत पत्रा म्हणतोय, आणि घरात दोन तट पडलेत. मी याच तालुक्यातला. आमच्या घराला पुढे कौलं आणि मागच्या पडवीला पत्रा. आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला मुंबईच्या एकांचा शिंगल्सवाला बंगला आहे, त्याचे तीन पावसाळे मी येता-जाता पाहिलेत. माझं मत आधीच सांगतो. तिरका स्लॅब टाकणार असाल तर शिंगल्सचा विचार करा, नाहीतर पत्रा घाला. पण 'पत्रा घाला' एवढ्यावर थांबलात तर फसाल, म्हणून पुढचं वाचा.

3 जून 2020. लॉकडाऊनमुळे आम्ही सगळे गावीच होतो. निसर्ग वादळ दुपारी श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि वारा ताशी 110-120 किलोमीटरने सुटला. आधी कौलं उचलली गेली, एकेक, पत्ते पिसल्यासारखी. पत्र्याचं तसं नव्हतं. वळचणीच्या कोपऱ्यात तो नुसता फडफडायला लागला, फडफड वाढत गेली आणि मग अख्खा पत्रा सोलल्यासारखा निघाला तो थेट शेजारच्यांच्या पोफळीत. वारा पडल्यावर शिडी लावून वर गेलो. स्क्रू जागच्या जागी, वॉशरसकट, पाइपात घट्ट. पत्र्याची भोकं तेवढी फाटून लांबट झाली होती. स्क्रूनी काम चोख केलं, पत्रा पातळ होता. स्वस्त पडतो म्हणून आम्हीच 0.35 मिलिमीटरचा घेतला होता, आणि कडेलाही स्क्रू मधल्या भागाइतकेच लांब लांब मारले होते. वाऱ्याची खरी ओढ कडेला, कोपऱ्याला आणि आढ्यापाशी असते. तिथे स्क्रू दाट हवेत. पडवी उघडी असेल तर आणखी दाट, कारण वारा खालूनही ढकलतो.

आता शिंगल्स. शिंगल म्हणजे फायबरग्लासच्या पातळ चटईवर डांबर आणि त्यावर दगडाची रंगीत चुरी. प्रत्येकावर चिकट पट्टी असते. उन्हाने ती मऊ होते आणि वरचा शिंगल खालच्याला धरतो. वादळात टिकायचं ते या चिकटण्यावर आणि खिळ्यांवर. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात पट्टी झकास चिकटेल, पण काम चालू असताना जांभ्याची लाल धूळ तिच्यावर बसली तर चिकटणार काय? चिरे कापायचं काम आधी पूर्ण संपवा, छपराचं त्यानंतर.

शिंगल्सना खाली सलग बूड लागतं. अमेरिकेत ते प्लायचं किंवा तसल्याच लाकडी फळ्यांचं असतं. माझा मामेभाऊ न्यू जर्सीत असतो, त्याच्याकडे माणसं आली आणि एका दिवसात जुनं सोलून नवं बसवून गेली. तिकडे ज्याच्या त्याच्या घरावर हेच, त्यामुळे हात बसलेले लोक गल्लोगल्ली. इथे दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जून ते सप्टेंबर हवेतही पाणीच, शिवाय वाळवी. वरच्या बंगल्यात प्लायवर शिंगल्स आहेत. तिसऱ्या पावसाळ्यात हॉलमध्ये गळायला लागलं आणि कुठून ते सापडेना. पाणी एका खिळ्यापाशी शिरतं, प्लायवरून चार हात सरकतं आणि भलतीकडेच टपकतं. कौल फुटलं तर खालून उजेड दिसतो, काठीने सरकवून नवं बसवता येतं. शिंगल्सच्या छपराला ती सोय नाही. त्यांना शेवटी माणूस पुण्याहून आणावा लागला, तोही पाऊस उघडल्यावर. तोवर हॉलमध्ये घमेली.

काळे ओघळ हा दुसरा भाग. ओल आणि शिंगलमधली चुनखडीची भुकटी यांवर एक सूक्ष्म शेवाळ पोसतं आणि छपरावर काळे पट्टे उतरतात. मामेभावाच्या छपराच्या उत्तरेकडच्या पाख्यावर तिकडेही आहेत, तर आपल्याकडे विचारायलाच नको. घ्यायचेच असतील तर तांब्याचे कण मिसळलेले शिंगल्स मागा. उतार 18 अंशांपेक्षा कमी ठेवू नका, आणि प्रत्येक शिंगलला खिळे चारऐवजी सहा मारायला सांगा. स्लॅब असेल तर आधी स्लॅबचं वॉटरप्रूफिंग पक्कं करा, शिंगल्सना वरची शोभा समजा. उष्णतेचं म्हणाल तर स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अकरापर्यंत ती धग खाली सोडतो. पत्रा दुपारी भाजतो, पण सूर्य कलला की तासाभरात गार.

आवाजाबद्दल लोक पत्र्याला नावं ठेवतात ते खरंच आहे. जुलैत जोराची सर आली की आमच्या पडवीत समोरच्याला ओरडून सांगावं लागतं. खोल्यांवर पत्रा घालणार असाल तर खाली ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापसासारखा थर) आणि त्याखाली लाकडी किंवा सिमेंट बोर्डाचं छत करा, मधली हवा आढ्याकडून बाहेर पडू द्या. आवाज पुष्कळ मरतो, उकाडाही. नुसता पत्रा झोपायच्या खोलीवर नको.

गंजाचं थोडं सविस्तर, कारण तुम्ही खाऱ्या वाऱ्यात आहात. साधा जीआय पत्रा, म्हणजे नुसत्या जस्ताचा मुलामा असलेला, घेऊ नका. अ‍ॅल्युमिनियम-झिंकचा मुलामा असलेला, चौरस मीटरला 150 ग्रॅमवाला, 0.5 मिलिमीटर जाडीचा घ्या, आणि ती जाडी रंगासकट की रंग सोडून, हे दुकानात स्पष्ट विचारा. बरेचसे विचारत नाहीत. अगदी लाटांच्या कानाशी घर असेल तर अ‍ॅल्युमिनियमचाच पत्रा घ्या. वॉरंटीच्या कागदावर समुद्रापासूनच्या अंतराची अट असते, ती वाचा. गंज वरून लागेल असं आपल्याला वाटतं, पण वरचं मीठ पाऊस धुऊन नेतो. वळचणीच्या खालच्या बाजूला पाऊस पोचत नाही, मीठ तिथेच साचतं आणि तिथूनच सुरुवात होते. उन्हाळ्यात महिन्या-दोन महिन्यांनी पाइप लावून खालून धुवा.

कामाच्या दिवशी स्वतः उभे राहा. फॅब्रिकेटरला ग्राइंडरने पत्रा कापू देऊ नका, कात्रीने कापा म्हणावं. ग्राइंडरच्या ठिणग्या रंगात रुतून बसतात आणि आठवड्यात तिथे तांबडे ठिपके उमटतात. आमच्या पत्र्यावर अजून आहेत. स्क्रूच्या भोकातला किस संध्याकाळी झाडून काढायचा. वॉशर किंचित फुगेल इतकंच पिळायचं. रबर चेपून बाहेर आलं की दोन उन्हाळ्यांत तडकतं आणि त्याच भोकातून गळतं.

कौलांचं तुम्ही विचारलं नाहीत. वानरांच्या टोळ्या तुमच्याकडेही असतील, म्हणून मीही आग्रह धरत नाही. आमच्या पुढच्या पाख्याची दर वर्षी पंचवीस-तीस तरी फुटतात, आणि ती चढून बदलणारा माणूस आता सत्तरीला आलाय.

जे काही ठरवाल ते फेब्रुवारीच्या आत ठरवा. मेच्या मध्याला इथला कुठलाच फॅब्रिकेटर फोन उचलत नाही.