५ केव्हीएच्या पोर्टेबल जनरेटरवर २०० अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन चालेल का?

चालेल, पण पूर्ण २०० वर नाही, ९०-१०० अँपिअरपर्यंतच, म्हणजे अडीच एमएमचा रॉड. हिशोब असा की १०० अँपिअरला आर्कवर (रॉड आणि लोखंडामधली जळती ठिणगी) साधारण २४ व्होल्ट, म्हणजे २.४ किलोवॅट, त्यात मशीनचा लॉस आणि पॉवर फॅक्टर (मशीन प्रत्यक्ष वापरापेक्षा जास्त करंट ओढतं, तो हिशोब) धरला की जनरेटरवर ४ केव्हीएच्या आसपास लोड येतो, २०० ला तोच ९ च्या घरात जाईल. रॉड टेकला की इंजिनाचा आवाज जरा बसतो, तो लगेच सावरत नसेल तर करंट कमी करा.

- आधी जनरेटर चालू करून स्थिर होऊ द्या, मग मशीनचं बटण दाबा, बंद करताना उलट, कारण चालू-बंद होताना व्होल्टेज वरखाली होऊन मशीनचं कार्ड (आतला सर्किट बोर्ड) उडू शकतं
- एक्स्टेन्शनची वायर जाड घ्या आणि पूर्ण उलगडा, गुंडाळलेली तापते
- जनरेटर उघड्यावरच ठेवा, शेडमध्ये अजिबात नको, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळायच्या आत माणूस जातो
- ठिणग्या पेट्रोलपासून लांब

५ केव्हीए हे कंटिन्युअस रेटिंग (सतत देता येणारी क्षमता) आहे ना ते प्लेटवर बघा, मॅक्स (थोडाच वेळ देता येणारी) असेल तर अजून कमी धरा.